उद्यानाखाली धावपट्टी होती का? आधी जमिनीचे कागद काढा

नमस्कार,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या तालुक्याच्या गावात पालिकेचं उद्यान आहे. त्यातला चालण्याचा पट्टा जुन्या, जाड काँक्रीटवर आहे, आणि तेच काँक्रीट कुंपणापलीकडे पुन्हा दिसतं. गावातली वयस्क मंडळी सांगतात की दुसऱ्या महायुद्धात इथे इंग्रजांची विमानं उतरायची. पालिकेकडे आरक्षणाच्या कागदापलीकडे काही नाही, इंटरनेटवरच्या कुठल्याच यादीत गावाचं नाव नाही, आणि उद्यानात माहितीफलक लावायचा तर काहीतरी ठोस हवं. म्हणून तुम्ही विचारलंत की इथे कोणत्या तुकडीची, कोणती विमानं होती, हे कुठे सापडेल.

हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. विमानांच्या नोंदी विमानांबरोबर निघून गेल्या. त्यातल्या ज्या उरल्या त्या बहुतेक लंडनला आहेत. जमीन मात्र तुमच्या शिवारातच राहिली, आणि जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली की गावच्या दप्तरात त्याची नोंद होते. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीचं काम केलं आणि आता अशा विसरलेल्या धावपट्ट्यांचा माग काढतो. ज्या ठिकाणी शोध खरोखर पुढे सरकला तिथे तो जवळजवळ नेहमी जमिनीकडून सरकला. जिथे लोकांनी विमानापासून सुरुवात केली, तिथे वर्षानुवर्षं ऐकीव गोष्टींवरच चर्चा चालू राहिली.

आधी एक शंका दूर करू: एवढ्याशा गावात विमानतळ कशाला असेल? १९४२ च्या सुरुवातीचे काही महिने डोळ्यांसमोर आणा. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून गेलं. ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर. तोपर्यंत हिंदुस्थानच्या हवाई संरक्षणाचं तोंड वायव्य सरहद्दीकडे होतं. आता ते घाईघाईनं पूर्वेकडे वळवावं लागलं. त्या वर्षी देशभरात दोनशेहून अधिक विमानतळांच्या बांधणीचा कार्यक्रम हाती घेतला गेला. त्यातले बरेचसे बंगाल, आसाम आणि पूर्व किनाऱ्यावर होते, पण प्रशिक्षण, वाटेतला थांबा आणि अडचणीत उतरण्याची सोय म्हणून देशाच्या आतल्या भागातही पट्ट्या तयार झाल्या. पुण्याचं लोहगाव १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभं राहिलं होतं. अकोला, गोंदियाजवळचं बिरसी, कल्याणजवळची नेवाळी ही सगळी युद्धकाळातलीच नावं. कोलकात्यात तर मैदानाशेजारचा रेड रोडच लढाऊ विमानांची धावपट्टी म्हणून वापरला गेला. तेव्हा तुमच्या गावातल्या मंडळींचं म्हणणं मुळात अशक्य नाही.

पण शक्य आहे म्हणजे घडलं आहे, असं होत नाही. जुनं काँक्रीट दिसलं की सगळे विमानतळ म्हणतात, आणि युद्धकाळात काँक्रीट पुष्कळ कामांसाठी ओतलं गेलं: दारूगोळ्याची भांडारं, लष्करी वाहनांचे तळ, सैनिकांच्या आणि निर्वासितांच्या छावण्या. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तसल्या वसाहतीचे अवशेष नुसत्या नजरेनं विमानतळाच्या इमारतींपासून वेगळे काढणं सोपं नसतं. दुसरी शक्यता अशी की पट्टी खरी, पण युद्धाच्या आधीची. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, आणि त्या दशकात हवाई मार्गांवर ठिकठिकाणी आणीबाणीत उतरण्यासाठी मोकळी मैदानं राखली गेली. काही संस्थानिकांनीही स्वतःच्या पट्ट्या केल्या. म्हणून तुमचे प्रश्न खरं तर तीन आहेत, आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या कागदांत मिळतात: इथे धावपट्टी होती का, ती युद्धासाठी केली का, आणि ती प्रत्यक्षात वापरली गेली का.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेली एक गोष्ट. १९४७ पूर्वी तुमचं गाव कोणाच्या अमलाखाली होतं, यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. मुंबई प्रांतात असेल तर जिल्ह्याचं दप्तर आणि मुंबईचं राज्य अभिलेखागार, म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. दक्षिणेतल्या एखाद्या संस्थानात असेल तर आधी कोल्हापूरचं अभिलेखागार बघा. विदर्भ असेल तर तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, मग नागपूर. मराठवाडा असेल तर निजामाचं राज्य. तिथले कागद उर्दूत, आणि वरच्या स्तरावरची कागदपत्रं हैदराबादला. हे ठरवल्याशिवाय मुंबईला जाणं म्हणजे नुसती दगदग. काही तालुक्यांत तर शेजारची दोन गावं दोन वेगळ्या राज्यांत होती, आणि विमानतळाची जमीन दोन्हींत पसरलेली. अशा वेळी एकाच बाजूचे कागद मिळाले की आकडे जुळत नाहीत आणि माणूस गोंधळतो.

घराबाहेर न पडता करायचं काम म्हणजे नकाशा आणि मोजमाप. युद्धकाळात पक्क्या मुख्य धावपट्टीसाठी जे प्रमाण सर्रास धरलं जाई ते २,००० यार्ड लांब आणि ५० यार्ड रुंद, म्हणजे साधारण १,८३० मीटर आणि ४६ मीटर. तुमच्या उद्यानात चालण्यासाठी उरलेला पट्टा चार-पाच मीटरचा असेल. ती त्या मूळ पट्टीची एक कडा असू शकते. म्हणून उपग्रहचित्रावर त्या पट्ट्याची दिशा पकडा आणि रेघ दोन्ही बाजूंना गावाबाहेरपर्यंत वाढवा. त्या रेघेवर कुठे जागांच्या हद्दी एकमेकींना समांतर आणि सुमारे ४६ मीटर अंतरावर दिसतात का? वसाहत झाली, घरं उठली, तरी प्लॉट पाडणाऱ्यानं बहुतेक वेळा जुनी हद्दच धरलेली असते. काँक्रीट उखडून नेलं तरी हद्द टिकते.

दिशेचाही विचार करा. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि उडतं. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा, म्हणून पट्ट्या बहुधा पूर्व-पश्चिमेच्या आसपास असतात. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७ आहे, पुण्याची १०/२८. हे आकडे म्हणजे होकायंत्राच्या अंशांचा दहावा भाग. तुमचा पट्टा दक्षिणोत्तर निघाला तर तेवढ्यावरून दावा फेटाळू नका, डोंगर आडवा असेल तर दिशा बदलावी लागते, पण मग पुरावा जास्त कडक मागा.

यानंतर जुनी चित्रं. अमेरिकेच्या कोरोना नावाच्या टेहळणी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात फिल्मवर घेतलेली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर आपलं गाव नकाशावर निवडून ती शोधता येतात, आणि आधीच स्कॅन झालेली चित्रं फुकट उतरवून घेता येतात. नंतरच्या कॅमेऱ्यांची स्पष्टता दोन मीटरच्या आसपास आहे, धावपट्टीसाठी ती भरपूर झाली. मला हे साधन फार मोलाचं वाटतं, कारण ही चित्रं आपली गावं पसरण्याच्या आधीची आहेत. उन्हाळ्यातली चित्रं निवडा, शेतं मोकळी आणि आकाश निरभ्र असतं. रस्ता आणि धावपट्टी त्यात वेगळी ओळखू येते: रस्ता वळतो आणि कुठल्यातरी गावाला जातो, धावपट्टी काटेकोर सरळ असते, शेतात सुरू होते आणि शेतातच संपते. चित्राच्या टोकांकडे आकार ताणलेला असतो, म्हणून लांबी मोजताना जवळचा रेल्वेमार्ग किंवा नदीवरचा जुना पूल यांच्याशी ताडून बघा.

त्याच्या जोडीला १९५० च्या दशकातले अमेरिकी लष्करी नकाशे आहेत, यू-५०२ मालिकेचे, अडीच लाखास एक या प्रमाणाचे. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते इंटरनेटवर ठेवले आहेत. त्यांत विमानतळाचं चिन्ह असेल तर उत्तम. नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. सोडून दिलेल्या पट्ट्या नकाशात बऱ्याचदा गाळल्या जात, आणि भारतीय सर्वेक्षण खात्याच्या सर्वसामान्यांसाठीच्या नकाशांत लष्करी जागा मुद्दामच दाखवत नाहीत.

आता मुख्य काम, जमिनीचे कागद. इथे घाई करू नका.

आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन जुन्या दप्तरात गेलात तर काहीही सापडणार नाही. १९४७ च्या कायद्याखाली जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडणारी एकत्रीकरण योजना झाली तेव्हा राज्याच्या मोठ्या भागात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि गावठाणालगतच्या जमिनींना पुढे सिटी सर्व्हे नंबर पडले. म्हणजे उद्यानाच्या मालमत्ता पत्रकापासून सुरुवात करून सिटी सर्व्हे नंबर, त्यावरून गट नंबर, त्यावरून जुना सर्व्हे नंबर, असं मागे जावं लागतं. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा तक्ता आणि जुना गावनकाशा दोन्ही मागा. गावनकाशा हातात आला की बांधांकडे बघा. शेतांचे बांध ओढ्याच्या, चढाच्या, वाटणीच्या अंगानं वाकडेतिकडे जातात. धावपट्टीसाठी घेतलेली जमीन त्या बांधांना न जुमानता, कोनात, सरळ रेघेनं कापत जाते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तुकडे झालेले पोटहिस्से उरतात. एकामागोमाग अनेक सर्व्हे नंबर एकाच सरळ रेघेनं दुभंगलेले दिसले, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ मिळालं. मात्र तोच आकार कालव्याचा किंवा आखून रद्द झालेल्या रेल्वेचाही असू शकतो, म्हणून रुंदी आणि दोन्ही टोकं तपासा.

मग १९३९ ते १९५० या काळातले त्या सगळ्या सर्व्हे नंबरांचे फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क किंवा ताबा बदलल्याच्या नोंदी. काही जिल्ह्यांत ते 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कलेसाठी अर्ज. त्या काळातले बरेच कागद मोडीत आहेत, तेव्हा मोडीच्या जाणकाराची सोय आधीच करा. फक्त उद्यानाखालच्या नंबरावर थांबू नका, वाढवलेल्या रेघेवर येणारे सगळे नंबर घ्या.

फेरफारात काय शोधायचं? इथे कायद्याचा एक फरक कळणं फार गरजेचं आहे. कायमचं भूसंपादन १८९४ च्या कायद्याखाली होई. त्याची अधिसूचना राजपत्रात छापली जाई. पण युद्धात तेवढा वेळ नव्हता. १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालच्या नियमांत ७५-अ हा नियम होता, त्याखाली सरकार जमिनीचं अधिग्रहण करी, म्हणजे मालकी शेतकऱ्याची ठेवून ताबा घेई आणि भरपाई देई. अशा जमिनीसाठी राजपत्रात काहीच सापडत नाही, आणि 'राजपत्रात नाही म्हणजे विमानतळ नव्हता' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून फेरफाराच्या मजकुरात 'लष्कराकडे ताबा', 'सरकारी कामाकरिता', 'नुकसानभरपाई', 'आकार माफ' (आकार म्हणजे शेतसारा) अशा अर्थाचे शब्द शोधा. जमीन कायमची घेतली असेल तर कमी-जास्त पत्रक, ज्याला आपण कजाप म्हणतो, ते झालेलं असतं. त्यात मूळ क्षेत्र, गेलेलं क्षेत्र आणि उरलेलं क्षेत्र एकरगुंठ्यांत असतं.

या आकड्यांची बेरीज हा माझ्या मते सगळ्या शोधातला सर्वांत कणखर पुरावा आहे. २,००० यार्ड बाय ५० यार्ड म्हणजे नुसत्या पट्टीखालीच सुमारे २१ एकर. त्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा, विमानं उभी करायच्या जागा, इंधन, बराकी धरल्या तर खऱ्या विमानतळाला शेकडो एकर लागत. एकाच सुमारास घेतलेल्या सगळ्या क्षेत्रांची बेरीज पंधरा एकर आणि ती चौकोनी तुकड्यात असेल, तर तिथे छावणी किंवा भांडार होतं असं समजा. बेरीज शंभराच्या पुढे आणि आकार लांबट असेल, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तारखांसह तुमच्या हातात आहे.

युद्ध संपल्यावर काय झालं, हेही त्याच दप्तरात बघा, कारण तुमचं उद्यान तिथूनच जन्मलं असणार. भारत संरक्षण कायदा १९४६ मध्ये संपला. अधिग्रहित जमिनी त्यानंतरही सरकारच्या ताब्यात ठेवता याव्यात म्हणून १९४७ चा कायदा आला, आणि पुढे १९५२ चा स्थावर मालमत्ता अधिग्रहण व संपादन कायदा. काही जमीन मूळ मालकांना परत गेली, काही कायमची संपादित होऊन संरक्षण खात्याकडे राहिली, काही महसूल खात्याकडे आली आणि तिथून पालिकेला मिळाली. काँक्रीटखालची जमीन नांगरण्याजोगी राहिलेली नसे, त्यामुळे नेमका तोच तुकडा पडून राहिला आणि कालांतराने विकास आराखड्यात त्यावर उद्यानाचं आरक्षण पडलं, असं घडलेलं मी पाहिलं आहे. पालिकेचे जुने ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांचा जमीन प्रदान केल्याचा आदेश मागा. त्या आदेशाच्या पहिल्या परिच्छेदात जमिनीचा पूर्वेतिहास एका ओळीत लिहिलेला असतो, आणि ती ओळ कधी कधी सगळ्या शोधाची किल्ली ठरते.

कँटोन्मेंटबाहेरच्या लष्करी जमिनींची नोंदवही संरक्षण संपदा कार्यालयाकडे असते. तिथे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा. 'सुरक्षेचा विषय' म्हणून नकार येण्याची शक्यता आहे. कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती, काही ठरावीक अपवाद सोडले तर, द्यावी लागते. त्या अपवादांत देशाची सुरक्षितता येते हे खरं, पण पालिकेचं उद्यान झालेल्या जागेबद्दल तो मुद्दा टिकणं अवघड. अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा आणि प्रश्न नेमका ठेवा: अमुक सर्व्हे नंबर, अमुक ते अमुक वर्षं, नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत. 'विमानतळाची सर्व माहिती द्या' असं लिहिलंत तर काहीच मिळणार नाही.

इथवर कामाचा क्रम असा झाला: जुनं राज्य ठरवा, रेघ वाढवून मोजा, कोरोना चित्र काढा, नंबर मागे नेऊन फेरफार आणि कजाप काढा, मग प्रदानाचा आदेश. हे होईपर्यंत लंडनला पत्र पाठवू नका.

जागेवर फिरताना उद्यानाच्या आतपेक्षा बाहेर जास्त बघा. काँक्रीटची तुटकी कडा सापडली तर जाडी मोजा, सांध्यांमधलं अंतर मोजा, सांध्यांत डांबर भरलं आहे का पाहा, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. पट्टीपासून दूर, झुडपांत, घोड्याच्या नालेच्या आकाराचे मातीचे उंच बंधारे दिसतात का? बॉम्बहल्ल्यात वाचावीत म्हणून विमानं त्यांत उभी करत. एका बाजूला एकटीच उभी जाड भिंत, पुढे मोकळी जागा, असं असेल तर ती विमानाच्या बंदुकांचा नेम जुळवण्यासाठीची भिंत असू शकते. गोल काँक्रीटचा ओटा असेल तर तिथे विमान फिरवून होकायंत्र तपासत. या सगळ्या गोष्टी छावणीत किंवा भांडारात सहसा एकत्र दिसत नाहीत, म्हणून त्यांचं मोल मोठं आहे. भोकं पाडलेले लांब लोखंडी पत्रे कुंपणांना लावलेले दिसले तर तेही मोजा. दहा फूट बाय पंधरा इंच हे माप तात्पुरत्या धावपट्टीसाठी अंथरायच्या अमेरिकी पत्र्यांचं. पण ते युद्धानंतर भंगारात विकले गेले आणि दूरदूर फिरले, त्यामुळे एकट्या पत्र्यावरून काही ठरवू नका.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. गंजलेली नळी, गोळा, काडतुसांची पेटी असं काही जमिनीत दिसलं तर हात लावू नका, माती झटकून फोटोसाठी उचलू नका. जागा लक्षात ठेवा, मुलांना दूर करा आणि पोलिसांना कळवा. ऐंशी वर्षं जुनी स्फोटकं निकामी झालेली असतात हा समज जिवावर बेततो.

माणसांशी बोलणं मात्र आजच सुरू करा. कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. १९४४ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदी ओलांडून गेलं आहे. त्यांना 'कोणतं विमान होतं' असं विचारू नका, त्यावर उत्तर येतं ते नंतर कुठेतरी ऐकलेलं किंवा पाहिलेलं. विचारा की तुमचं कोणतं शेत गेलं, त्यात काय पिकत होतं, विहीर होती का, ती बुजवली का. खडी कोणी फोडली, कुठल्या खाणीतली, बायकांना आणि पुरुषांना मजुरी किती, मुकादम कुठल्या गावचा. जमीन परत मिळाली तेव्हा घरात काय बोलणं झालं. अशा उत्तरांतली निम्मी माहिती फेरफाराशी थेट ताडून पाहता येते, आणि ती जुळली की त्याच माणसानं सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींनाही वजन येतं. बोलणं त्यांच्या परवानगीनं ध्वनिमुद्रित करा आणि तारीख, ठिकाण नोंदवा.

एवढं झाल्यावर तुमचा मूळ प्रश्न घ्या. ब्रिटिश हवाई दलाची कागदपत्रं लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. स्क्वाड्रनच्या दैनंदिन नोंदवह्या एअर २७ या मालिकेत, स्थानकांच्या एअर २८ मध्ये, इतर छोट्या तुकड्यांच्या एअर २९ मध्ये, आणि परदेशातल्या हवाई मुख्यालयांची कागदपत्रं एअर २३ मध्ये. पुष्कळ लोक एअर २८ ची सूची चाळतात, आपलं गाव दिसत नाही म्हणून निराश होतात. नोंदवही ठेवायला तिथे कायमचं स्थानक असावं लागे. मदतीच्या किंवा आणीबाणीच्या पट्टीवर चार रखवालदार आणि एक वायुदिशादर्शक पिशवी असे. तिची वेगळी वही कोण ठेवणार? तिचा उल्लेख सापडतो तो जवळच्या मोठ्या स्थानकाच्या वहीत, 'इंजिन बिघडल्यानं अमुक ठिकाणी उतरला' अशा एका ओळीत. म्हणून आधी ठरवा की तुमची पट्टी कोणत्या मोठ्या स्थानकाची असू शकेल, आणि तुमच्या कजापातल्या तारखांनंतरची त्याची वही मागवा. तारखा हातात असल्यानं शेकडो पानांऐवजी मोजकी पानं वाचावी लागतात. गावाचं नाव इंग्रजांनी चार-पाच तऱ्हांनी लिहिलं असेल, जवळच्या रेल्वे स्टेशनच्या नावानंही लिहिलं असेल. सगळ्या तऱ्हा करून बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर त्या काळच्या संरक्षण खात्याच्या फायली शोधतानाही हेच करा.

अपघातांचा मागही उपयोगी पडतो. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कायम देखभाल शक्य नव्हती तिथल्या युद्धकाळातल्या थडग्यांतले अवशेष पुढे पुण्यातल्या खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत एकत्र आणले गेले. राष्ट्रकुल युद्ध स्मशानभूमी आयोगाच्या सूचीत नाव, तुकडी आणि मृत्यूची तारीख मिळते. तुमच्या गावात विमान पडल्याची आठवण कोणी सांगत असेल, तर त्या सुमाराच्या वैमानिकांच्या तारखा तिथे बघा आणि मग त्या तुकडीची एअर २७ मधली त्याच दिवसाची नोंद काढा. त्या काळच्या वर्तमानपत्रांकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका, सेन्सॉर असल्यानं विमानतळाचं नाव छापून येत नसे. उलट १९४५ नंतरच्या जाहिराती बघा: शिल्लक सरकारी सामान, पत्रे, बराकी यांच्या लिलावाच्या जाहिरातीत ठिकाण उघड लिहिलेलं असतं.

फलकाबद्दल शेवटी. जितकं सिद्ध झालं तितकंच लिहा. नुसता नकाशा आणि कोरोना चित्र असेल तर 'इथे एक जुनी धावपट्टी होती'. फेरफार आणि कजाप असेल तर वर्ष, क्षेत्र आणि 'युद्धकाळात सरकारने घेतलेली जमीन'. हवाई दलाच्या वहीतली ओळ मिळाली तरच तुकडी आणि विमान. आणि माझी एक मनापासूनची विनंती: ज्या शेतकऱ्यांची जमीन गेली त्यांची नावं, त्यांच्या वारसांना विचारून, फलकावर घाला. ती तुम्हाला फेरफारात मिळणारच आहेत. युद्धकाळातल्या विमानतळाच्या जमिनीवरून नेवाळीला जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचा केवढा उद्रेक झाला, हे आपण पाहिलं. तिथल्या लोकांसाठी ही गोष्ट जुनी झालेली नव्हती, आणि तुमच्या गावातही काही घरांत ती अजून चालू असेल. त्यांच्याकडे गेलात तर भरपाईची पावती किंवा नोटीस एखाद्या ट्रंकेत जपून ठेवलेली सापडण्याची चांगली शक्यता आहे, आणि तसा कागद सरकारी दप्तरात मिळेलच असं नाही.

पहिलं पाऊल म्हणून या आठवड्यात उद्यानाचं मालमत्ता पत्रक काढा आणि १९४७ पूर्वी गाव कोणत्या राज्यात होतं ते नक्की करा. जुना सर्व्हे नंबर आणि पट्ट्याची दिशा अंशांत कळवलीत, तर पुढे कोणत्या अभिलेखागारात कोणती फाईल मागायची ते मी सांगू शकेन.